बाबांचा स्वेटर: लोकर कोणती घ्यायची आणि फिटिंग कसं जमवायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. बाबा निफाडला राहतात, सत्तरी ओलांडलीय, रोज पहाटे फिरायला जातात. त्यांच्यासाठी व्ही गळ्याचा, पूर्ण बाह्यांचा स्वेटर विणायचाय. छाती ४० इंच, पोट ४३, पाठीला थोडा बाक आलाय. पॅटर्न अमेरिकन आहे, त्यात वर्स्टेड (मध्यम जाडीची) लोकर, ८ नंबरच्या सुया, १० सेंमीत १८ टाके आणि २४ ओळी असं दिलंय. दुकानातून ४ प्लायची ॲक्रिलिक लोकर आणि ८ नंबरच्या सुया आणल्या, पॅटर्नमध्ये दिलेले टाके घातले, वीतभर पाठ विणून झाली तर ती अरुंद दिसतेय, मोजलं तर १० सेंमीत २२ टाके आणि ३० ओळी बसतायत. याआधी भावाला विणलेला स्वेटर धुतल्यावर लांब झाला होता आणि काखेत ओढत होता. आता सुई बदलू, लोकर बदलू की मोठ्या साइजचे टाके घेऊ?

ताई, पहिली गोष्ट म्हणजे तुमच्या हाताचा काही दोष नाहीये, घोळ सुईच्या नंबरात आहे. आपल्याकडे दुकानात मिळणाऱ्या सुयांचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे असतात, त्यात ८ नंबर म्हणजे ४ मिमी. अमेरिकन पद्धतीत ८ नंबर म्हणजे ५ मिमी. शिवाय दोन्ही पद्धती उलट्या चालतात, आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होत जाते, १० नंबर सव्वातीन मिमी, १२ नंबर पावणेतीन, आणि अमेरिकेत नंबर वाढला की सुई जाड होते. त्यामुळे पॅटर्न कुठलाही असो, दुकानात नंबर सांगूच नका, मिलिमीटर सांगा. भोकांची पट्टी मिळते सुया मोजायची, ती एक घेऊन ठेवा, घरातल्या जुन्या सुयांवरचे नंबर पुसले गेलेले असतात तेव्हा फार उपयोगी पडते.

आता लगेच तुम्ही म्हणाल की मग ५ मिमीची सुई आणते आणि प्रश्न मिटला. नाही मिटणार. कारण दुसरा घोळ लोकरीत आहे. प्लाय म्हणजे किती धागे एकत्र पिळलेत तो आकडा, त्यावरून जाडी कळतेच असं नाही, चार बारीक धागे पिळले तरी ४ प्लाय आणि चार जाड धागे पिळले तरी ४ प्लाय. परदेशी पॅटर्नमध्ये ४ प्लाय म्हटलं की साधारण २८ टाक्यांची बारीक लोकर समजतात, आपल्याकडे ४ प्लाय म्हणून जे मिळतं ते बऱ्याचदा त्यापेक्षा जाड असतं. तुमची लोकर ४ मिमीवर २२ टाके देतेय म्हणजे ती डीके, म्हणजे डबल निटिंग, जाडीची आहे. वर्स्टेड त्याच्यापेक्षा एक पायरी जाड. डीके लोकर ५ मिमीवर विणून १८ टाके आणता येतील, आकडा जुळेल पण कापड जाळीसारखं विरळ होईल, त्यातून निफाडचा पहाटेचा वारा सरळ आत शिरेल आणि दोन धुण्यांत स्वेटर लोंबायला लागेल. भावाच्या स्वेटरचं असंच काही झालं असण्याची शक्यता मला वाटते, एक तर विरळ वीण, नाहीतर ओला असताना दोरीवर वाळत घातला. पाण्याचं सगळं वजन खाली ओढतं, मग स्वेटर लांब होतो आणि रुंदीत आकसतो, काखेत ओढण्याचं ते पण एक कारण असू शकतं.

म्हणून माझा सल्ला असा की आकडा जुळवायच्या मागे लागू नका, आधी कापड कसं हवंय ते ठरवा. तुम्ही जी वीतभर पाठ विणलीय ना, ती उसवू नका लगेच. तेच तुमचं सॅम्पल. नुसत्या चार इंची तुकड्यापेक्षा ते कितीतरी खरं सांगेल, कारण रुंद आहे आणि हात सेट झाल्यावर विणलंय. टाके एका जाड दोऱ्यावर काढून घ्या, नंतर स्वेटर जसा धुतला जाणार आहे तसंच ते धुवा, म्हणजे घरी मशीनमध्ये जाणार असेल तर मशीनमध्येच टाका, उगाच हळुवार हाताने धुवून स्वतःची समजूत घालू नका. सपाट वाळवा, पूर्ण वाळल्यावर एक रात्र तसंच पडू द्या आणि मग कडा सोडून मधल्या भागात तीन ठिकाणी १० सेंमी मोजा. टाकेही मोजा आणि ओळीही मोजा. ओळींकडे लोक दुर्लक्ष करतात, पण मुंढ्याची (बाही जोडायच्या कापाची) खोली, बाहीचा उतार, गळा, सगळं ओळींवर चालतं. आणि हो, वाळल्यावर तो तुकडा मुठीत गच्च दाबून सोडा, बघा परत पसरतो का, उजेडासमोर धरा, टाक्यांमधून किती प्रकाश येतो बघा, आडवा ताणून सोडा, मूळ जागी येतो का. धुतल्यावरही २२ च राहिले आणि कापड भरीव, मऊ वाटलं तर ती वीण सोडू नका, पॅटर्नच त्याच्याप्रमाणे बदलून घ्या. ते कसं ते खाली सांगते.

पण त्याच्या आधी ही लोकर बाबांसाठी योग्य आहे का याचा विचार करू.

दुकानात सगळ्यालाच लोकर म्हणतात, तेव्हा लेबल वाचायची सवय ठेवा. आपल्याकडच्या दुकानांत लुधियानाचा माल जास्त, वर्धमान, ओसवाल वगैरे, त्यात बराचसा ॲक्रिलिक असतो. कॅशमिलॉन म्हणतात ते पण ॲक्रिलिकच, काश्मिरी लोकरीशी त्याचा संबंध नाही. ॲक्रिलिक वाईट असं मी अजिबात म्हणणार नाही, स्वस्त पडतं, मशीनमध्ये धुता येतं, कसर लागत नाही, रंग भरपूर मिळतात, लहान मुलांच्या स्वेटरला तर मी तेच सुचवते कारण ते वर्षात लहान होतात. पण तुमच्या बाबांच्या बाबतीत दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे पहाटे भरभर चालून घाम येणार. खरी लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास तीस टक्के ओल शोषून घेते तरी हाताला ओली लागत नाही, ॲक्रिलिक ओल शोषत नाही, आत घाम साचतो आणि थांबल्यावर गार लागतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. थंडीत गावाकडे पहाटे शेकोटी पेटतेच आणि म्हातारी माणसं अगदी जवळ सरकून बसतात. ॲक्रिलिक ठिणगीने पेटतं, वितळतं आणि वितळलेला भाग कातडीला चिकटतो. लोकर सहजासहजी पेट घेत नाही, पेटलीच तर ज्योत बाजूला नेल्यावर बहुतेक वेळा विझते. शेकोटीची सवय असेल तर शंभर टक्के ॲक्रिलिक मी तरी घेणार नाही.

दुकानदार लोकर आहे म्हणतोय पण लेबल नाही, सुटे गुंडे आहेत, असं असेल तर वीतभर धागा घरी आणून चिमट्यात धरून स्टीलच्या वाटीवर जाळून बघा, पोरांना लांब ठेवून. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांनी चुरडली गेली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर ॲक्रिलिक किंवा दुसरा कुठला कृत्रिम धागा. दोन्ही थोडं थोडं झालं तर मिक्स.

मग घ्यायची कुठली? मेरिनो उत्तम, तिचा तंतू बारीक असतो, साधारण २४ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आतला, म्हणून टोचत नाही. जाड तंतूची लोकर, म्हणजे तिशीच्या पुढे, ती मानेला टोचतेच. आपली दख्खनी मेंढी आहे तिची लोकर याच जाड जातीची, म्हणून तिची घोंगडी होते आणि काय सुंदर होते, पावसाळ्यात धनगर तीच डोक्यावरून घेतात, पण गळ्याशी लागणाऱ्या स्वेटरला ती कामाची नाही. बाबांना टोचतं का हे विचारून कळत नाही, पुरुषमंडळी चालेल चालेल म्हणतात आणि मग स्वेटर कपाटात पडून राहतो. विकत घ्यायच्या आधी गुंडा त्यांच्या मानेच्या बाजूला कॉलरच्या आत अर्धा तास ठेवायला सांगा, पेपर वाचताना. सारखा हात तिकडे जातोय का तेवढं बघा.

मेरिनोत पण सुपरवॉश आणि साधी असे दोन प्रकार. साधी लोकर मशीनमध्ये गेली की आकसून नमद्यासारखी घट्ट होते, कारण तंतूवरचे खवले एकमेकांत अडकतात. सुपरवॉशमध्ये ते खवले प्रक्रिया करून गुळगुळीत केलेले असतात त्यामुळे मशीनमध्ये चालते, पण तंतू एकमेकांना धरून ठेवत नाहीत म्हणून धुतल्यावर स्वेटर वाढतो, कधीकधी एक अख्खी साइज. सॅम्पल धुऊनच मोजा असं मी एवढं का म्हणतेय त्याचं कारण हेच. तुमच्याकडे कपडे धुणार कोण? आई किंवा मावशी सगळं एकत्र मशीनला लावत असतील तर साधी मेरिनो आणून नंतर रडायची वेळ येईल. मला विचाराल तर बाबांसाठी निम्मी लोकर निम्मं ॲक्रिलिक असं मिक्स डीके जाडीत बघा, ऊब लोकरीची मिळते, धुण्याचं टेन्शन कमी होतं आणि किंमत पण आवाक्यात. शेकोटीपासून मात्र तेही लांबच ठेवायचं, मिक्स म्हणजे पूर्ण सुरक्षित नव्हे. बजेट असेल आणि धुणं तुमच्या हातात असेल तर शंभर टक्के लोकर घ्या. कॉटनचा विचार कोणी सुचवला तर निफाडसाठी नको, जड होतं, लवचिक नसतं, बॉर्डर चार दिवसात सैल पडते. मुंबईत डिसेंबरात मिरवायला कॉटन छान.

धागा निवडताना पीळ बघा. वीतभर धागा ओढून उलटा फिरवून उकला, किती पदर आहेत, कितपत घट्ट पिळलेत ते दिसतं. फार मऊ, फुललेला, सैल पिळाचा धागा दुकानात हाताला लोण्यासारखा लागतो आणि महिन्याभरात काखेत आणि कोपरावर गोळे धरतो. अंगठा आणि बोटामध्ये धागा पन्नासेक वेळा घासा, तंतू सुटून गुठळी व्हायला लागली तर तो शालीला ठेवा, स्वेटरला नको. रंगाचं एवढंच सांगते की काळा किंवा गडद नेव्ही संध्याकाळी दिव्यात विणायला डोळ्यांना त्रास होतो, टाके दिसत नाहीत.

किती घ्यायची हे ग्रॅमवर ठरवू नका, मीटरवर ठरवा. बाबांच्या मापाला डीकेमध्ये साधारण १३०० ते १५०० मीटर लागतील. ॲक्रिलिक हलकं असतं, १०० ग्रॅममध्ये २९० मीटरच्या आसपास निघतं म्हणजे पाचशे ग्रॅममध्ये भागतं, शुद्ध लोकर १०० ग्रॅमला २२५ च्या आसपास, म्हणजे साडेसहाशे ग्रॅम धरा. एक गुंडा जास्तच घ्या आणि सगळ्या लेबलांवरचा लॉट नंबर एकच आहे ना ते दुकानातच तपासा, उजेडात. एकाच रंगाचे दोन लॉट दुकानात सारखे दिसतात आणि विणल्यावर पाठीवर आडवी रेघ उमटते. नाइलाज झालाच तर दोन्ही लॉटचे गुंडे दोन दोन ओळींनी आलटून पालटून विणा, फरक विरघळून जातो.

आता फिटिंग. इथे मी जरा सविस्तर लिहिते कारण खरी गडबड इथेच होते.

आधी पॅटर्नचं गणित बघा. तुम्ही ११२ सेंमी छातीची साइज घेतली असं धरू, १८ च्या हिशोबाने पुढे मागे मिळून २०२ टाके. तेच २०२ टाके तुमच्या २२ च्या विणीत ९२ सेंमी होतात. बाबांची छाती ४० इंच म्हणजे १०२ सेंमी, म्हणजे अंगापेक्षाच १० सेंमी कमी. अरुंद दिसणारच. तर तुमच्या विणीप्रमाणे ११२ ला २४६ टाके लागतील, मागे १२३ पुढे १२३, शिवणीसाठी दोन्हीकडे दोन दोन जास्त. यापुढे मी शिवणीचे टाके धरत नाहीये, ते तुम्ही धरा. पॅटर्नमध्ये एवढ्या टाक्यांची मोठी साइज असेल तर तिचे टाके वापरता येतात, मात्र लांबीच्या सूचना ओळींत दिल्या असतील तर त्या सेंमीत बदलून घ्यायच्या आणि मोठ्या साइजचे खांदे मुंढे डोळे झाकून घ्यायचे नाहीत.

११२ का, तर छातीपेक्षा १० सेंमी जास्त, शिंपी ज्याला लूजिंग म्हणतात ते. आत शर्ट आणि बनियन असणार, वयस्कर माणसाला काढघाल करायला सोपं पडलं पाहिजे. तरुण मुलाला ५ सेंमीवर छान दिसतं, बाबांना नको. मला सगळ्यात भरवशाची पद्धत विचाराल तर त्यांचा जो स्वेटर ते आवडीने घालतात तो चटईवर सपाट टाका आणि तोच मोजा, काखेखालची रुंदी, खांदा ते खांदा, मुंढा, बाही, सगळं. टेपने अंग मोजताना माणूस श्वास धरून पोट आत घेतो, चटईवर टाकलेला स्वेटर तसं काही करत नाही.

बहुतेकजणी स्वेटरची साइज छातीवर ठरवतात, स्वेटर मात्र खांद्यावर टांगलेला असतो. खांदा चुकला की छाती बरोबर असूनही सगळं बिघडतं. पाठीमागून एका खांद्याच्या हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत मोजा. समजा ४२ सेंमी आलं, म्हणजे ९२ टाके, आपण ९३ घेऊ कारण १२३ विषम आहे. १२३ वरून ९३ वर यायचं तर मुंढ्यात दोन्ही बाजूंना १५ टाके कमी करायचे, आधी ६ एकदम बंद, मग एक आड एक ओळीला एकेक असे ९ वेळा. पुढे वर सरळ. मानेला मधले ३७ आणि दोन्ही खांद्यांना २८-२८. व्ही गळ्याला पुढच्या भागात मधला एक टाका पिनेवर ठेवायचा आणि दोन्हीकडे १८-१८ कमी करायचे, आधीचे सहा एक आड एक ओळीला, बाकीचे बारा दर चौथ्या ओळीला, ६० ओळी होतात, उरलेल्या सरळ. पोट सुटलेल्या माणसाची साइज मोठी घेतली की खांदेही मोठे होतात, शिवण दंडावर लोंबते आणि बाही हातावर येते, आणि आपण म्हणतो बाही लांब झाली. बाही लांब नसते, खांदा रुंद असतो.

मुंढ्याची खोली बाबांना २३ सेंमीच्या आसपास ठेवा, तुमच्या ३० ओळींच्या हिशोबाने ६९ ओळी. भावाच्या स्वेटरला काखेत ओढत होतं म्हणून यावेळी मुंढा खोल करायचा मोह होईल, तो करू नका. मुंढा जेवढा खाली जातो तेवढा हात वर केला की अख्खा स्वेटर वर उचलला जातो. काखेत ओढतं तेव्हा बहुतेक वेळा एक तर पाठ अरुंद असते नाहीतर बाहीचा वरचा भाग अरुंद असतो. दंड मोजा, समजा ३२ सेंमी, त्यात ५ मिळवा, ३७, म्हणजे ८२ टाके. मनगटाला ५० टाक्यांनी सुरुवात, म्हणजे दोन्ही बाजूंना १६ वेळा वाढवायचं. काखेपर्यंत बाही ४५ सेंमी, त्यातली ६ सेंमी बॉर्डर, राहिल्या ११७ ओळी, दर सहाव्या ओळीला एकेक वाढवलं की ९६ ओळींत वाढ संपते आणि काखेखाली सातेक सेंमी सरळ मिळतं. बाहीच्या डोक्याची, म्हणजे काखेच्या वरच्या गोलाईची, उंची मुंढ्याच्या दोन तृतीयांश, म्हणजे साधारण १५ सेंमी धरा, आणि विणून झाल्यावर दोन्ही वळणं टेप उभी धरून मोजून बघा, मुंढ्याचं वळण आणि बाहीच्या डोक्याचं वळण जवळपास सारखं यायला हवं, सेंमी दीड सेंमी इकडे तिकडे शिवताना जिरतं.

आता पोट. ४३ इंच म्हणजे १०९ सेंमी, ११२ च्या स्वेटरमध्ये पोटावर तीनच सेंमी उरतात, बसल्यावर ताणणार आणि पुढून बॉर्डर वर चढणार. यावर मागची पाठ कशाला वाढवायची? पोट पुढे आहे तर पुढचाच भाग वाढवा. पुढच्या भागाला १२३ ऐवजी १३१ ने सुरुवात करा, साडेतीन सेंमी जास्त मिळतील, आणि मुंढ्यापर्यंत पोचता पोचता दोन्ही बाजूंना चार चार कमी करून १२३ वर या, सावकाश, बरगड्यांच्या उंचीवर. रुंदीसोबत लांबीही लागते हे मात्र विसरू नका. पोटावरून टेप खांद्यापासून खाली सोडून पुढे आणि मागे दोन्हीकडे मोजा, फरक दिसेल. ३ सेंमी फरक असेल तर पोटाच्या उंचीवर अर्धवट ओळी घाला, शॉर्ट रो म्हणतात त्या. कडेपर्यंत न जाता सात-आठ टाके अलीकडे थांबायचं, पुढचा टाका उजव्या सुईवर घेऊन धागा त्याच्याभोवती गुंडाळून टाका परत द्यायचा, वळायचं, दुसऱ्या कडेला तेच, पुढच्या वेळी आणखी सात-आठ टाके अलीकडे. अशा पाच जोड्या केल्या की मधोमध १० ओळी वाढतात, सव्वातीन सेंमी, आणि कडेची शिवण मात्र पाठीएवढीच राहते. गुंडाळलेला धागा नंतर त्या टाक्यासोबत एकत्र विणला की भोक दिसत नाही. साध्या सुलट विणीत हे ओळखूही येत नाही, केबल (वेणीसारखी वीण) किंवा पट्ट्या असतील तर दिसेल, म्हणून बाबांना पट्ट्यांची डिझाइन नकोच.

पाठीच्या बाकाला हीच युक्ती वर वापरायची. बाक आला की मागून स्वेटर वर ओढला जातो, थंडीत कंबर उघडी पडते आणि पुढून गळा मानेला टेकतो. मानेच्या मागचं उंच हाड ते कंबर असं मोजा आणि ते पुढच्या मापाशी ताडून बघा. मुंढे सुरू झाल्यावर साधारण ६-७ सेंमी विणलं की पाठीत तीन जोड्या अर्धवट ओळी घाला, दोन सेंमी मिळतील. बाबा आरशासमोर उभे राहतील तेव्हा मापं घेऊ नका, कोणी माप घ्यायला आलं की माणूस ताठ होतो. बोलत बोलत, चहा घेताना जसे बसतात उभे राहतात तसं माप घ्या. त्यांच्या हातांना वर करताना त्रास होत असेल, खांदा दुखत असेल, तर पुढे बटणांचा करा, डोक्यातून घालायचा स्वेटर कितीही सुंदर विणला तरी ते टाळतील.

बॉर्डरला १० नंबर, म्हणजे सव्वातीन मिमी सुई, दोन सुलट दोन उलट. खाली फार घट्ट करू नका, पोटाखाली फुगा होतो. गळ्याची पट्टी उचलताना तिरप्या आणि उभ्या कडेला दर चार ओळींना तीन टाके उचला, चारला चार उचलले तर पट्टी लाटेसारखी उठते, दोन उचलले तर गळा आकसतो. खांदे शिवताना आतून एक बारीक कॉटनची टेप किंवा न ताणणारा दोरा धरून शिवा, ॲक्रिलिक मिक्स आणि सुपरवॉश दोन्हीला याची गरज असते, सगळं वजन त्या शिवणीवर असतं. भाग वेगळे विणून शिवायला कंटाळा येतो, गोल सुईवर एकसंध विणणं हल्ली जास्त चालतं, मला कबूल आहे, पण पाठीला बाक, पोट, मिक्स धागा असं सगळं असताना बाजूची शिवण स्वेटरला धरून ठेवते, म्हणून यावेळी सुटे भागच विणा.

ॲक्रिलिक असेल किंवा मिक्स असेल तर इस्त्री टेकवू नका, वाफेनेही लांबूनच, जास्त वाफ बसली की धागा कायमचा लुळा पडतो आणि परत उठत नाही. लोकर असेल तर कोमट पाण्यात ईझीसारखं लोकरीचं लिक्विड, न चोळता, न पिळता, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबून पाणी काढायचं आणि सावलीत खाटेवर पंचा टाकून सपाट वाळवायचं. उन्हाळ्यात ठेवून देताना धुऊनच ठेवा, कसर आधी घामाच्या आणि डागांच्या जागी लागते.

शेवटचं एक. बाह्या पक्क्या शिवायच्या आधी सगळे भाग दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याने कच्चे टाचून बाबांना शर्टावरून घालायला लावा, खुर्चीत बसवा, हात पुढे करून पेपर धरायला सांगा, वरच्या फळीवरचा डबा काढल्यासारखा हात वर करायला सांगा. पाठीत ओढलं तर कुठे ते खडूने खूण करा. आणि बाहीची मनगटाची बॉर्डर सुरुवातीला विणूच नका, जुन्या दोऱ्यावर तात्पुरते टाके घालून बाहीला सुरुवात करा, बाही चढवून झाल्यावर त्यांच्या हातावर बघून खालच्या दिशेने बॉर्डर विणा, मग दोन सेंमी कमी जास्त करणं अर्ध्या तासाचं काम राहतं.